रिम पाहून टायर पसरावा

चप्पल घ्यायला गेलेला आपला माणूस दुकानात चार पावले चालून बघतो, अंगठा टोचतो का ते पाहतो आणि मगच पैसे मोजतो. तोच माणूस मोटारीचे टायर बदलायला गेला, की प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एवढेच सांगतो, "जरा रुंद टाका, गाडी भारदस्त दिसली पाहिजे." ज्या चार टायरांवर बायको, मुले आणि म्हातारी आई यांना बसवून आपण गावाला निघणार, ते निव्वळ नजरेने निवडले जातात!

माझी उमेद बँकेत आकडे वाचण्यात गेली. त्यामुळे टायरवरची ओळही मी पासबुकासारखी वाचतो. '१८५/६५ आर १५ ८८ एच' म्हणजे काय? टायरची रुंदी १८५ मिलिमीटर. त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ८८ या क्रमांकाचा अर्थ एका टायरने ५६० किलो भार पेलावा आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा.

पण या ओळीत एक आकडा नसतो, आणि खरी मेख तिथेच आहे. तो आकडा रिमच्या रुंदीचा. तो बहुधा रिमवरच कोरलेला असतो. उदाहरणार्थ, '५.५ जे x १५' म्हणजे साडेपाच इंच रुंद रिम. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते, हे ठरलेले असते. वरच्या १८५च्या टायरला ५ ते साडेसहा इंच चालते, पैकी साडेपाच ही त्याची प्रमाण रिम. आता हौसेने २०५/६५ आर १५ घ्यायचा म्हटले, तर त्याची मर्यादा साडेपाचपासून साडेसात इंचांपर्यंत. म्हणजे साडेपाच इंची रिमवर तो अगदी काठावर बसतो, आणि पाच इंचीवर बसवूच नये.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पण तो चढतो की!" चढतो, हवाही धरतो. पण चढला म्हणजे बसला असे नव्हे. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो. त्याच्या भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात, नक्षीचा मधला भाग फुगून आधी झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. उलट रुंद रिमवर अरुंद टायर ताणला, तर त्याची कड रिमवरून सुटण्याची भीती, आणि पहिल्याच खड्ड्यात रिमला दणका. रिम अर्ध्या इंचाने बदलली, की टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने बदलते. म्हणून अरुंद रिमवर पैसे २०५चे मोजले, तरी पदरात २०५ पडत नाहीत.

कर्जाचे अर्ज तपासताना आम्ही अर्जदाराची हौस बघत नसू, ऐपत बघत असू. टायर ही हौस आहे, रिम ही ऐपत. ऐपतीबाहेरचे कर्जही सहीच्या दिवशी छानच दिसते. हप्ते सुरू झाले की कळते.

उंचीचेही तसेच. १८५/६५ आर १५ चा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, २०५/६५ आर १५ चा सुमारे ६४७. एवढ्या फरकाने वेगाच्या मीटरचा हिशेब ४ टक्क्यांनी चुकतो, आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासू शकतो. कारखानदार हा हिशेब कसा सांभाळतात पाहा. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ टायर होते आणि वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५. आकडे वेगळे, रिमही वेगळी. पण बाहेरच्या व्यासात फरक जेमतेम २ मिलिमीटरचा!

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर पकड देतो, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे चार महिने पाऊस. साचलेल्या पाण्यावर तोच रुंद टायर लवकर तरंगू लागतो, आणि तरंगणाऱ्या गाडीचा ब्रेक फक्त देवाच्या हाती. शिवाय आता मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगात, वैशाखात तापलेल्या काँक्रीटवर, चिमटलेल्या टायरची परीक्षा बघण्यात कसले आले आहे शहाणपण?

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या मापाची आणि हवेची पट्टी असते, ती वाचावी. नसेल तर गाडीसोबतचे पुस्तक उघडावे. आणि माप बदलायचेच असेल, तर आधी रिमची रुंदी विचारावी. ती सांगता येत नाही असा दुकानदार असेल, तर नमस्कार करून पुढचे दुकान गाठावे. गाडीचा भारदस्तपणा शेजाऱ्यांना दिसतो. रिमवर नीट बसलेला टायर कुणाच्याच नजरेत भरत नाही. पण रात्री घाट उतरताना मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांची झोप त्याच्याच भरवशावर असते.