शंभरांच्या मांडवीत एकशे सतरा

‘देशात दर नऊ जणांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी कर्करोग होणार’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा छापून आले आहे की ते आता म्हणीसारखे तोंडी बसले आहे. आकडा हवेतला नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ या वर्षात देशात कर्करोगाचे १४,६१,४२७ नवे रुग्ण असतील असा अंदाज मांडला, त्याच लेखात हा ‘नऊत एक’ आला. मात्र असा आकडा ज्या रीतीने काढतात, तिला एक अट चिकटलेली असते आणि बातमी होईपर्यंत ती गळून पडते. अट अशी, की जन्मापासून चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंत माणसाला दुसऱ्या कशानेही मरण येणार नाही.

म्हणजे हृदयविकार नाही, क्षयरोग नाही, भातलावणीच्या दिवसांतला लेप्टो नाही, सर्पदंश नाही आणि मुंबई-गोवा महामार्गही नाही. ज्या देशाचे सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास आहे, तिथे हे सारे तहकूब करून हा हिशेब होतो.

नोंदणीवाल्यांची ही चूक नव्हे. त्यांना तुलना करायची असते. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली, १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण भागासाठी तशी नोंदणी आली आणि आज टाटा मेमोरियल सेंटरची नोंदणी रत्नागिरी जिल्ह्यातही चालते. मुंबईत कर्करोग जास्त की बार्शीत, हे पाहायचे तर दोन्ही ठिकाणच्या इतर मृत्यूंचा फरक बाजूला सारावाच लागतो. नाहीतर जिथे माणसे लवकर मरतात तिथे कर्करोग कमी दिसेल आणि आपण त्या गावच्या हवापाण्याचे कौतुक करत बसू. दोन गावांच्या तुलनेसाठी काढलेला हा आकडा आपण वर्तमानपत्रवाले एकेका माणसाच्या कपाळी चिकटवतो, घोटाळा तिथे होतो.

संख्याशास्त्रात या प्रकरणाला ‘कॉम्पिटिंग रिस्क’ म्हणतात. आपण स्पर्धक जोखीम म्हणू. एका माणसावर अनेक संकटे एकाच वेळी टपलेली असतात आणि त्यातले एक आधी पोहोचले की बाकीच्यांची संधी जाते. हे गृहीत धरून, अमुक वर्षांत शंभरातल्या किती जणांना खरोखर तो आजार झाला, याचे उत्तर म्हणजे ‘क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स’, साध्या मराठीत संचित प्रमाण. शब्द जड आहे, हिशेब पाचवीच्या मुलाला येईल असा आहे. करून पाहू.

रत्नागिरीच्या मांडवीत संध्याकाळी जेट्टीवर वाऱ्याला येऊन बसणारे पंचाहत्तरीचे शंभर आजी-आजोबा मनात आणा. आकडे सगळे कल्पित आहेत, सोयीसाठी घेतलेले. आपल्याला त्यांच्यातला एखादा आजार दहा वर्षे पाहायचा आहे. पहिल्या पाच वर्षांत दहा जणांना तो झाला, तीस जण तो न होताच इतर कारणांनी गेले आणि साठ उरले. पुढच्या पाच वर्षांत या साठांपैकी बारा जणांना आजार झाला, वीस गेले आणि अठ्ठावीस जण दहा वर्षांनंतरही जेट्टीवर येताहेत. आजार झाले बावीस, आजाराशिवाय गेले पन्नास, उरले अठ्ठावीस. बेरीज शंभर. संचित प्रमाण बावीस टक्के.

आता हाच हिशेब रुग्णालयांत आणि प्रबंधांत ज्या रीतीने सर्रास होतो तसा करू. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोन अमेरिकनांनी १९५८ मध्ये दिलेली ही रीत उत्तम आहे आणि वैद्यकशास्त्राचे तिच्यावाचून पान हलत नाही. पहिल्या पाच वर्षांत शंभरात दहा आजारी, म्हणजे नव्वद टक्के वाचले. पुढच्या पाचात साठात बारा, म्हणजे ऐंशी टक्के वाचले. नव्वदाचे ऐंशी टक्के बहात्तर. मग आजाराची शक्यता अठ्ठावीस टक्के. बावीसाचे अठ्ठावीस झाले. याच रीतीने ‘इतर कारणांनी मृत्यू’चा हिशेब केला, आजारी झालेल्यांना तेवढ्यापुरते यादीतून वजा केले, तर उत्तर एकसष्ट टक्के येते. अठ्ठावीस, एकसष्ट आणि जेट्टीवर बसलेले ते अठ्ठावीस मिळवा. शंभरांच्या मांडवीत एकशे सतरा माणसे झाली.

वरचे सहा आजारी कुठून आले, हे शोधण्यात खरी मौज आहे. ही रीत ज्यांची पुढची हकीकत कळत नाही त्यांना ‘सेन्सॉर’ करते. रत्नागिरीकराला हे समजावून सांगायला नको. निम्मे गाव मुंबईला असते. एखादे आजोबा मुलाकडे डोंबिवलीला गेले आणि पुन्हा तपासणीला आले नाहीत, तर रीत म्हणते, ते दिसत नाहीत पण आहेत. मागे राहिलेल्यांना ज्या प्रमाणात आजार होतो, त्याच प्रमाणात त्यांनाही तिकडे होत असेल. चाकरमान्याच्या बाबतीत हे अगदी रास्त. पहिल्या पाच वर्षांतले ते तीस जण मुंबईला गेले असते, तर त्यांच्यातल्या वीस टक्क्यांना, म्हणजे सहा जणांना, पुढे आजार झाला असता आणि अठ्ठावीस हे उत्तर बरोबर ठरले असते. पण ते मुंबईला गेलेले नाहीत, वारलेले आहेत. तरी हिशेब त्यांना डोंबिवलीला पाठवतो आणि त्यांच्यातल्या सहा जणांना तिथे आजारी पाडतो.

मुंबईला गेलेला शिमग्याला परत येऊ शकतो, वारलेला नाही, एवढाच भेद आहे. तो कळायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, पण पदवी असलेल्यांकडूनही तो सुटतो. याचे एक कारण सॉफ्टवेअर. माहितीच्या तक्त्यात एक रकाना असतो: आजार झाला तर १, नाही तर ०. मृत व्यक्तीपुढे काय लिहायचे? आजार झाला नव्हता, मग शून्य. बटण दाबले की सुबक आलेख येतो, तक्रार कुणी करत नाही. सॉफ्टवेअरला शून्य म्हणजे ‘पुढचे माहीत नाही’ एवढेच कळते. हा शून्य घरी गेला की स्मशानात, हे ते विचारत नाही. मृत्यूसाठी २ हा वेगळा आकडा दिला आणि तीन अवस्थांचा हिशेब माग म्हणून सांगितले, तर तेच सॉफ्टवेअर निमूटपणे बावीस टक्के काढून देते. नॉर्वेचे ऑड ऑलेन आणि डेन्मार्कचे सोरेन योहान्सन यांनी १९७८ मध्येच त्याची रीत घालून दिली आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात जन्मलेले ‘आर’ हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते आणि या हिशेबाची साधने त्यात कित्येक वर्षांपासून आहेत. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी पहिला प्रकल्प करताना हा एक रकाना नीट भरला, तरी खूप झाले.

हा फरक सगळीकडे सारखा महत्त्वाचा नसतो, हेही सांगायला हवे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच एचपीव्ही तपासणीसाठी नेमलेल्या गटातल्या ३४,१२६ जणींमध्ये आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींमध्ये ६४. जगभर गाजलेला हा निष्कर्ष आहे आणि स्पर्धक जोखमीचा कितीही कीस काढला तरी तो हलणार नाही, कारण त्या वयात इतर कारणांनी मरणाऱ्या स्त्रिया थोड्या. पस्तिशीतल्या बाईला बावीस आणि अठ्ठावीस जवळजवळ एकच. तिने तपासणी टाळण्यासाठी या लेखाचा आधार घेऊ नये.

वय चढते तसतसे दोन आकडे एकमेकांपासून दूर जातात. आणि कोकण हा चढत्या वयाचा प्रदेश आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा घटला. तरुण कामासाठी बाहेर आणि मागे घरात आजी-आजोबा, हे चित्र आपल्याला पाठ आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या आजोबांना प्रोस्टेटची छोटीशी, सावकाश वाढणारी गाठ निघते. ‘दहा वर्षांत पसरण्याची शक्यता इतकी’ असा आकडा समोर ठेवला जातो. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणतो, काय लागेल ते करा. जमिनीचा तुकडा विकायचे बोलणे निघते. त्या आकड्यात आजोबांचे हृदय दहा वर्षे ठणठणीत धरले आहे का, हे कुणी विचारत नाही. प्रोस्टेटच्या अशा गाठी असलेले कितीतरी वृद्ध ती गाठ घेऊनच, पण दुसऱ्या कारणाने जातात, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. फुगलेला आकडा मात्र शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलत राहतो. आमच्या मते वयस्क रुग्णापुढे शक्यता मांडताना ‘इतर कारणांनी मृत्यू धरून की न धरून’ हे सांगणे ऐच्छिक नसावे. नातेवाइकांनीही बेलाशक विचारावे.

उलट बाजूनेही फसगत होते. समजा एखाद्या अभ्यासात आयुष्यभर तंबाखू खाणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे संचित प्रमाण कमी निघाले. लगेच ‘तंबाखूने स्मरणशक्ती टिकते’ असा संदेश घरोघरच्या मोबाइलवर फिरेल. प्रत्यक्षात त्यातले बरेच जण स्मृतिभ्रंशाचे वय येण्याआधीच हृदयविकाराने किंवा तोंडाच्या कर्करोगाने गेलेले असू शकतात. म्हणून जाणकार दोन प्रश्न वेगळे ठेवतात. आजार कशामुळे होतो, हे शोधायचे तर जिवंत आणि निरोगी असलेल्यांमध्ये तो किती वेगाने होतो ते पाहायचे. किती जणांना होईल, किती खाटा लागतील, या आजोबांचे काय होईल, हे विचारायचे तर संचित प्रमाण. जेसन फाइन आणि रॉबर्ट ग्रे यांनी १९९९ मध्ये दिलेले प्रारूप हल्ली शोधनिबंधांत जिथे तिथे दिसते. ते दुसऱ्या प्रश्नासाठी आहे, आणि ते वापरून पहिल्याचे उत्तर देण्याची खोड आता नवी डोकेदुखी झाली आहे.

प्रश्न तसा जुना आहे. देवीच्या साथींनी युरोप हैराण होता तेव्हा, १७६० मध्ये, डॅनिएल बर्नोली याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गणित मांडले होते, की देवी हा रोगच नसता तर माणसाचे सरासरी आयुष्य किती वाढले असते. उत्तर आले सुमारे तीन वर्षे. त्याने ‘नसता तर’ हे शब्द लपवले नव्हते.

या सगळ्या हिशेबाचा पाया मात्र सॉफ्टवेअरमध्ये नाही, मृत्यूच्या नोंदीत आहे, आणि तो आपल्याकडे कच्चा आहे. २०२० च्या अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांचे काय, ते आमच्याच पानांवरच्या निधनवार्तांत वाचावे: ‘वृद्धापकाळाने’, ‘अल्पशा आजाराने’. त्यात रत्नागिरीची अडचण आणखी निराळी. कायद्याने मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. मांडवीचा रुग्ण उपचारांसाठी परळला गेला आणि तिथेच वारला, तर दाखला मुंबई महापालिकेचा. इकडच्या रुग्णालयाच्या वहीत तो नुसता ‘पुन्हा आला नाही’. म्हणजे जिल्ह्याच्या नोंदीत ‘मुंबईला गेला’ आणि ‘मुंबईत गेला’ हे एकाच शून्यात जमा होतात. कोणतेही सॉफ्टवेअर त्यांना वेगळे करू शकणार नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि तिच्यात राष्ट्रीय पातळीवर एकत्रित माहितीसाठ्याची तरतूद आहे. त्या साठ्यातून मुंबईत नोंदलेल्या रत्नागिरीकरांच्या मृत्यूंची माहिती, नावे उघड न करता, जिल्ह्याच्या कर्करोग नोंदणीपर्यंत नियमाने पोहोचावी, अशी मागणी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने करायला हवी. मृत्यूच्या नोंदीत कायमचा पत्ता घेतलाच जातो. तोपर्यंत हे काम एखाद्या आशाताईने मांडवीतल्या बंद घरासमोर उभे राहून शेजाऱ्यांना ‘आजोबा कसे आहेत हो?’ असे विचारण्यावरच चालणार आहे.