वाट आधी की वाटसरू?

संगणकीय खेळांविषयी साहित्याच्या व्यासपीठावर लिहिणे म्हणजे आडवाटेला जाणे होय, असे काहींना वाटेल. तथापि नगर वा उद्यान उभारण्याच्या खेळांत वाटा आखण्याची जी साधने असतात, त्यांच्याविषयी खेळाडू गेली पंचवीस वर्षे जी तक्रार करीत आले आहेत, ती आमच्या मते केवळ तांत्रिक नाही. 'वाट' या शब्दाचा अर्थ काय, येथवर ती जाऊन पोहोचते. आणि शब्दांचे अर्थ हा तर आपलाच प्रांत आहे.

१९९९ साली आलेल्या ख्रिस सॉयर यांच्या 'रोलरकोस्टर टायकून' या खेळात वाट म्हणजे चौकोनी फरशांची रांग. वळण काटकोनातच. गर्दी वाढली म्हणून वाट रुंद करावी, तर पाहुणे भरकटू लागतात. कारण यंत्राच्या लेखी रुंद वाट ही वाट नसतेच, तो चौकांचा गुंता असतो. २०१६ च्या 'प्लॅनेट कोस्टर'ने चौकटीची सक्ती काढली आणि वाटांना बाक दिला. पण दोन बाकदार वाटा शेजारी आणल्या की मध्ये फट उरे, साधे पटांगण आखताना घाम फुटे आणि कोन जरा चुकला की 'अडथळा' एवढेच सांगून यंत्र नकार देई. पटांगणासाठी सोयीचे साधन मिळायला २०२४ साली त्या खेळाचा दुसरा भाग यावा लागला.

ही साधने सुधारतील, सुधारत आहेत. आमचा आक्षेप त्यांच्या गृहीतकाला आहे. या खेळांत वाट आधी येते, वाटसरू नंतर. पाहुण्याला कोठे जावेसे वाटते हे यंत्राला ठाऊक असते, परंतु फरशी घातल्याखेरीज त्याला गवतावर पाऊल टाकता येत नाही.

मराठी भाषा याबाबत अधिक जाणती आहे. रस्ता आपण आखतो, बांधतो. वाट मात्र पडते, फुटते, मळते. 'मळलेली वाट' या शब्दप्रयोगात असंख्य पावले आहेत. त्यात अभियंता कोठेही नाही. 'पायवाट' या शब्दात तर पाय आधी आणि वाट नंतर!

खानदेशात दोन्ही प्रकार शेजारी नांदतात. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ साली जुने धुळे आणि पांझरा नदी यांच्यामध्ये नवी पेठ वसवली, ती सरळ रेषांत. त्या शहरात आजही पत्ता 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असा सांगितला जातो. आखणीचे गुण आम्हांस मान्य आहेत; परक्या माणसाला धुळ्यात घर सापडते ते तिच्यामुळेच. पण शहराबाहेर पडावे, तर शिवारात बांधावरची वाट, गाडवाट, पांदण. त्या कोणी आखल्या, हा प्रश्नच गैरलागू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १४३ नुसार बांधावरून जाण्याच्या हक्काचा निवाडा तहसीलदार करतो आणि तो करताना शेतकऱ्याला आपल्या शेतात पोहोचण्याची वाजवी गरज किती, हे त्याला पाहावे लागते. कायदा चालणाऱ्याची गरज विचारतो. खेळातले साधन कोन विचारते.

यावर कोणी म्हणेल, हजारो पाहुण्यांना वाट दाखवायची तर यंत्राला ती आधी ठाऊक असायलाच हवी. हा युक्तिवाद टिकणारा नाही. २०१९ साली प्राथमिक रूपात आलेल्या 'फाउंडेशन' या खेळात गावकरी चालतात आणि त्यांच्या पावलांखाली वाटा उमटतात. अर्थात तेथेही खेळाडू कुरकुरतात, की वाटा वाकड्या पडतात, नको तेथून जातात. ही कुरकुर आम्हांस बोलकी वाटते. दुसऱ्याच्या पायांवर विश्वास टाकणे आखणाऱ्याला नेहमीच जड जाते.

हे आपल्या वर्गांनाही लागू आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत घरी अहिराणी वा लेवा बोली बोलणारा विद्यार्थी येतो, तेव्हा निबंधाची चौकट आधीच फरशा घालून तयार असते. त्याचे वाक्य तिच्या कोनात बसले नाही, तर लाल शाईचा शेरा येतो, 'अडथळा' असाच, कारण न सांगणारा. प्रमाणभाषा नको, असे आम्ही म्हणत नाही; गल्ल्यांना क्रमांक असावेत. परंतु असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी कामाच्या ओघात झाली, घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकात आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. तेथेही चालणे आधी झाले, फरसबंदी मागाहून.

म्हणून खेळाडूंची चिडचिड साहित्याच्या शिक्षकाने पोरकट म्हणून झटकू नये. यंत्राने नाकारलेल्या वळणावर ते जो प्रश्न विचारतात, तोच उत्तरपत्रिकेतले वाक्य खोडण्यापूर्वी आपणही स्वतःला विचारावा: येथे वाट खरोखरच चुकली आहे, की ती आपण आखलेली नाही एवढेच?