अनवाणी पायांचं कौतुक, हक्काच्या नोकरीचं काय?

कविता राऊत यांचं नाव निघालं की त्यांचं दारिद्र्य आधी सांगितलं जातं. अनवाणी धावणं, लांबून पाणी आणणं, नाशिक जिल्ह्यातला तो छोटा सावरपाडा. मग "सावरपाडा एक्स्प्रेस" म्हणून टाळ्या. भाषण संपतं.

आम्हाला वाटतं, सांगायला हवं ते इथूनच पुढे सुरू होतं. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये ब्राँझ. २०१२मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१६मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण, मग रिओ ऑलिम्पिक. एवढं करूनही २०२४मध्ये त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं की, आपण आदिवासी असल्यामुळे राज्याच्या नोकरीत आपल्याला डावललं गेलं.

आमचे काही मित्र म्हणतात, त्यांना ओएनजीसीत नोकरी होतीच की! मित्रांनो, प्रश्न पोटापाण्याचा नाही. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट नियुक्ती देण्याचं धोरण राज्यानेच आणलं. ललिता बाबर यांना महसूल खात्यात पद मिळालं, ते योग्यच झालं. निकष असतील तर ते सगळ्यांना सारखे लावा आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या. बाळू पालवणकरांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं गेलं नाही. आपल्या माणसाचा घाम चालतो, अधिकाराची खुर्ची द्यायची वेळ आली की नियम आठवतात.

हे फक्त इथलंच नाही. अमेरिकेची कृष्णवर्णीय गोलकीपर ब्रायना स्करी घ्या. १९९९च्या विश्वचषक अंतिम सामन्यात चीनची पेनल्टी तिने अडवली, म्हणून अमेरिका जिंकू शकली. गाजला तो मात्र शेवटचा गोल मारणाऱ्या गोऱ्या सहखेळाडूचा फोटो. २०१०मध्ये डोक्याला मार लागून तिचा खेळ संपला आणि उपचारासाठी विमा कंपनीशी झगडावं लागलं. त्या काळात तिने ऑलिम्पिकची दोन्ही सुवर्णपदकं गहाण टाकली. तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २०१७मध्ये.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आमचं येणं-जाणं असतं. एका आश्रमशाळेत नववीतली एक मुलगी प्रकल्पस्तरीय स्पर्धेसाठी सराव करत होती. मैदान म्हणजे शाळेमागचा खडकाळ उतार. आम्ही तिला कविताताईंची पदकं सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, एवढं धावल्यावर पुढे काय भेटतं?"

आमच्याकडे नीट उत्तर नव्हतं. परत येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

आता नंदुरबारच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज टाकायचं ठरवलं आहे. थेट नियुक्ती मिळालेल्या खेळाडूंची यादी, प्रत्येकाचं पद, त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या महिला किती, आणि ज्यांना नाकारलं त्यांच्या फायलीवर कारण काय लिहिलं आहे. इतर जिल्ह्यांतल्या साथींनीही हाच अर्ज टाकावा. मसुदा आम्ही पाठवू. जय भीम!