'माँ रोबो' आणि मातेचे जागरण

दोडामार्ग तालुक्यातील कित्येक घरांची चूल गोव्यातील रोजगारावर पेटते. घरातला एक जण सकाळीच सीमा ओलांडून कामाला जातो. अशा घरात सेरेब्रल पाल्सीने, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताने, पूर्णतः परावलंबी झालेले मूल असले, तर दुसऱ्याला त्याच्यापासून हलता येत नाही. भरवणे, कूस बदलणे, रात्री आकडी येते काय याकडे कान ठेवणे, या सेवेला सुटीचा दिवस नसतो. आणि हे सारे करणारी माताच अंथरुणाला खिळली तर?

सीमेपलीकडे, फोंडा तालुक्यातील बेतोड्याच्या बिपिन कदम यांच्यावर हाच प्रसंग ओढवला. रोजंदारीवर राबणारा हा पिता दिव्यांग मुलीला वेळेवर भरवण्यासाठी कामावरून घरी येत असे. तंत्रविद्येचे शिक्षण नसताना, १२-१२ तास काम करून उरलेल्या वेळात इंटरनेटवरून शिकत त्यांनी सुमारे चार महिन्यांत भरवणारे यंत्र सिद्ध केले. मुलीने पदार्थाचे नाव उच्चारावे आणि यंत्राने त्याचा घास तिच्या मुखापाशी न्यावा. नाव ठेवले 'माँ रोबो'. २०२२ मध्ये गोवा राज्याच्या नवोन्मेष परिषदेने त्यांचा गौरव केला, पुढील कामासाठी अर्थसाहाय्यही दिले. व्यासपीठांवरून ज्या स्वावलंबनाची एवढी चर्चा होते, ते एका मजुराच्या घरात असे निमूटपणे घडले.

तथापि या कौतुकात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. घास घशाखाली उतरला की श्वासनलिकेत गेला, हे यंत्राला कळत नाही; आणि अशा मुलांत गिळण्याचा दोष वारंवार आढळतो. हात मोकळे होतात, डोळे नव्हेत. आकडी ओळखणाऱ्या मनगटी पट्ट्याचेही तेच. एम्पॅटिका कंपनीच्या अशा पट्ट्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये प्रौढांसाठी आणि २०१९ मध्ये सहा वर्षे व त्यापुढील मुलांसाठी मान्यता दिली. झटके ओळखून तो पालकांच्या मोबाईलवर सूचना धाडतो. पण डोंगराआडच्या वाडीत रेंजच नसेल तर? आणि रेंज असूनही पिता गोव्यातील कारखान्यात असेल, तर धावून जाणार कोण?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २४ व्या कलमात अधिक साहाय्याची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. यंत्रे आली, आता भत्ता कशाला, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू लागला तर तो या मातांवर अन्याय ठरेल. यंत्राने वाचवलेला तास तिच्या झोपेचा आहे. तो शासनाच्या बचतीत जमा करण्याचा अधिकार कोणाला नाही.

एखाद्या मंडळाला वर्गणी काढून असा पट्टा भेट द्यावासा वाटला, तर अवश्य द्यावा. मात्र त्याआधी त्या घराच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन एवढे शिकून घ्यावे, की आकडी आलेल्या मुलाला कुशीवर कसे वळवायचे आणि त्याच्या तोंडात चमचा का घालायचा नाही.