बाटल्यांचे प्रगतिपुस्तक

दारूला शंभरपैकी मार्क देण्याची टूम जगभर रूढ करणारा रॉबर्ट पार्कर हा अमेरिकन गृहस्थ पेशाने वकील होता, हे कळल्यावर माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. मास्तर असता तर त्याला माफ करणे जड गेले असते. १९७८ साली त्याने वाइनची परीक्षा करणारे एक पत्रक काढले आणि त्यातून ही पद्धत पसरली. पद्धत अशी, की वाइनने नुसती हजेरी लावली की ५० मार्क. बाटलीत शिरल्याबद्दल पन्नास! उरलेल्या पन्नासांत रंग, वास, चव वगैरे सगळे पेपर. आमच्या बी.कॉम.ला अशी सोय असती, तर आमच्या वर्गातला निम्मा मागचा बाक आज चार्टर्ड अकौंटंट असता.

वाइनवाल्यांचे हे खूळ पुढे व्हिस्कीवाल्यांनी उचलले आणि बोर्बनच्या प्रांतात तर आता त्याने धुमाकूळ घातला आहे. अमुक बोर्बन ९२, तमुक साडेचौऱ्याण्णव. अर्धा मार्क कुठल्या घोटात सापडला, ते विचारायचे नाही. ऐंशीच्या खाली सहसा कोणी उतरतच नाही. आता मला सांगा, ज्या वर्गातली यच्चयावत मुले ८४ आणि ९६ यांच्या दरम्यान बसतात, त्या वर्गात एक तर मुले कॉपी करतात किंवा मास्तर शिकवणीच्या फीवर जगतो. ज्या शाखेत एकही थकीत कर्ज नाही, तिथे इन्स्पेक्शनवाले सर्वांत आधी धाव घेतात, ते उगाच नव्हे.

माझे भांडण बोर्बनशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट बोर्बनसारखी कायद्याने वागणारी दारू मी दुसरी पाहिली नाही. धान्याच्या मिश्रणात निदान ५१ टक्के मका हवा. पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे करकरीत आणि आतून जाळून कोळसा केलेले हवे. एकदा वापरलेले पिंप बोर्बनला पुन्हा चालत नाही. मग ते बिचारे स्कॉटलंडला जाते आणि तिथल्या स्कॉचची धुणीभांडी करते. पिंपात भरताना अल्कोहोल साडेबासष्ट टक्क्यांच्या वर नको, बाटलीत भरताना ४० टक्क्यांच्या खाली नको. रंग घालायचा नाही, वास घालायचा नाही. कारमेल टाकून तपकिरी करायची मुभा स्कॉचला आहे, बोर्बनला नाही. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून सांगितले, की हा पदार्थ आमच्या देशाचा. (आपल्याकडे बरीचशी व्हिस्की उसाच्या मळीतून निघते. तिला व्हिस्की म्हणायचे की नाही, हा प्रश्न युरोपातली माणसे अधूनमधून उपस्थित करतात. आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करून सोडा ओततो.)

त्याआधी, १८९७ साली, तिथे आणखी एक कायदा झाला. त्या कायद्याला कोणत्याही कारकुनाने हात जोडावेत. त्या काळी दलाल मंडळी कच्च्या दारूत काहीबाही मिसळून जुनी व्हिस्की म्हणून खपवीत. त्यावर 'बॉटल्ड इन बाँड' असा शिक्का आला. माल एकाच भट्टीचा, एकाच हंगामाचा, सरकारी कुलपाखालच्या गोदामात निदान चार वर्षे ठेवलेला आणि बरोबर ५० टक्क्यांचा. ह्याला म्हणतात व्हाउचर! बाटलीत काय आहे, ते सरकार सांगते. ते चांगले की वाईट, ते तुझी जीभ सांगेल. ऑडिटरचे काम इथे संपते. ऑडिटर ताळेबंद तपासून सही करतो. 'ताळेबंद वाचताना मधाचा आणि जुन्या चामड्याचा भास झाला, ९३ मार्क' असे लिहून जात नाही.

चामड्यावरून आठवले. हे परीक्षक जी वर्णने करतात ती खोटी असतात, असे पुष्कळ लोक म्हणतात. मी म्हणत नाही. जळलेल्या ओकच्या लाकडातून व्हॅनिलिन उतरते, तोच व्हॅनिलाचा वास. लाकडातली साखर भाजली जाते, तिचा कारमेल. त्याच लाकडातली काही द्रव्ये नारळाच्या वासाची असतात. मक्याच्या जोडीला राय असेल तर जिभेला मिरी चावल्यासारखे वाटते, रायच्या जागी गहू असेल तर घोट मऊ लागतो. हे सगळे खरे आहे आणि गंमतीचे आहे. खोटा आहे तो शेवटी काढलेला आकडा. रागाला आपण 'यमन ९१, भूप ८८' असे कधी म्हणतो का?

आता ह्या आकड्याची खरी फजिती कुठे होते, ते पाहा. केंटकीत बोर्बनची गोदामे सात-सात, नऊ-नऊ मजली असतात. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात भट्टी पेटलेली, खालच्या मजल्यावर गारवा. वरच्या पिंपातून पाणी जास्त उडते आणि दारू वर्षागणिक अधिक कडक होते; खालचे पिंप आपले संथपणे मुरत बसते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच घाण्यातून निघालेली दोन सख्खी भावंडे. एक पत्र्याखाली वाढलेले, एक तळमजल्यावर. आठ वर्षांनी दोघांचे स्वभाव भिन्न. भट्टीवाले म्हणूनच अनेक पिंपे एकत्र करून चव जमवतात. पण १९८४ साली ब्लँटन्स नावाची बोर्बन आली. एका बाटलीत एकाच पिंपाचा माल, हे तिचे वैशिष्ट्य. (तिच्या बुचांवर घोडेस्वार असतात आणि प्रत्येकाजवळ नावातले एकेक अक्षर. आठ बुचे जमली की नाव पुरे. आमच्या लहानपणी बिस्किटाच्या पुड्यातली चित्रे जमवीत, तशी तिथली पन्नाशीची माणसे बुचे जमवतात.) एका पिंपातून निघणार दीड-दोनशे बाटल्या. परीक्षकाने एक फोडली, ९४ दिले. ते पिंप संपले! तुम्ही ९४ वाचून दुकानात जाता, तेव्हा तुमच्या हाती पडते ते दुसरेच पिंप. थोरल्याची गुणपत्रिका दाखवून धाकट्याचे लग्न जमवण्याचा हा प्रकार.

पण हसून सोडून देण्यासारखे हे नाही, कारण ह्या मार्कांनी लोकांच्या ताटातला घास काढून घेतला आहे. पॅपी व्हॅन विंकलचेच पाहा. गव्हाची बोर्बन, २३ वर्षे पिंपात. केंटकीत पिंपातून दर वर्षी साधारण चार टक्के माल हवेत जातो. तिकडचे लोक म्हणतात, देवदूतांचा वाटा. बचत खात्याचे व्याज उलट्या दिशेने! चक्रवाढीने मांडून पाहिले : २०० लिटरचे पिंप २३ वर्षांनी उघडले तर ७८ लिटर उरतात. म्हणजे महाग असणार, हे मान्य. पण कंपनीने सांगितलेली किंमत काहीशे डॉलर आणि बाहेर ती जाते काही हजारांना. मधला फरक कशाचा? मक्याचा नाही, गव्हाचा नाही, लाकडाचा नाही. तो यादीतल्या नंबराचा. २०१३ साली पॅपीच्या विसाव्या वर्षाच्या मालाचे ६५ खोके बफेलो ट्रेसच्या भट्टीतूनच गेले. पुढे २०१५ साली ज्यांच्यावर खटले भरले, त्यांत आतलीच माणसे निघाली. तिकडे ऑरेगॉन राज्यात दारूचे घाऊक वाटप सरकारच करते. तिथल्या मद्य खात्यातले वरिष्ठ साहेब दुर्मीळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवीत होते, हे २०२३ मध्ये उघडकीला आले आणि संचालकांना जावे लागले. पैसे मात्र त्यांनी पुरते भरले होते! रेशन दुकानदाराने साखर घरी नेली आणि पावती फाडली, एवढाच काय तो फरक.

आणि ज्या गिऱ्हाइकाला हे परवडत नाही, त्याने काय करायचे? त्याने वेलर प्यायची, असे जाणकारांनीच सांगून टाकले. वेलर त्याच भट्टीची, त्याच गव्हाच्या मिश्रणाची, वय कमी. पूर्वी ती दुकानात खालच्या फळीवर असे. कामावरून परतताना एखादा गवंडी, एखादा ट्रकवाला सहज उचलून नेई. मग याद्यांनी तिला 'गरिबाची पॅपी' ठरवले, आणि झाले! गरिबाची म्हटल्याबरोबर श्रीमंतांनी ती उचलली. आता गवंडी सोडतीचा नंबर लागायची वाट बघतो. ह्या मार्क देणाऱ्यांनी एकदा तरी त्याची माफी मागितली आहे का?

माझा मेव्हणा ह्या मार्कवाल्या संप्रदायातला. लुईव्हिलला असतो. तिथून येताना दोन बाटल्या आणि एक वही आणतो. वहीत तारीखवार नोंदी : नाक २३, जीभ २२, शेवट २४. गेल्या दिवाळीत मी सौ.ला म्हटले, चार ग्लास भर, पण कुठला कुठून भरला ते सांगू नकोस. तिने चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आपल्या बुद्धीने दोन ग्लासांत एकाच बाटलीतली ओतली. मेव्हण्याने डोळे मिटले, ग्लास फिरवला, नाक खुपसले, घोट घेऊन गाल हलवले. तिकडे ह्याला चावणे म्हणतात. आम्ही चूळ म्हणतो. पहिल्याला ९३ दिले, तिसऱ्याला ८६.

"अरे, पहिला आणि तिसरा एकच आहेत," सौ. म्हणाली.

"ताई, मधल्या ग्लासानं जीभ बदलली असेल. भावोजी, तुम्ही पंख्याखाली बसवलंत ना!"

सौ.ने ग्लास उचलून वास घेतला. "ह्याला तर केकमध्ये घालतात त्या इसेन्सचा वास येतोय. आणि ह्या दुसऱ्याला नेलपॉलिश."

दोन्ही अगदी बरोबर होते. वहीत ह्याच दोन गोष्टींसाठी मेव्हण्याने अर्धे पान खर्ची घातले होते. तिला मात्र मार्क द्यावेसे वाटले नाहीत. तिने शेवेचा डबा आणून ठेवला.

मेव्हण्याला मी दोष देत नाही. भल्याभल्यांचे असेच होते. रॉबर्ट हॉजसन नावाचा कॅलिफोर्नियातला एक प्राध्यापक स्वतः वाइन करी. त्याची वाइन एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळवी आणि दुसऱ्या स्पर्धेत हात हलवत परत येई. त्याने तिथल्या राज्यस्तरीय स्पर्धेच्या परीक्षकांना गुपचूप एकाच बाटलीतली वाइन तीन-तीनदा दिली आणि २००८ साली निकाल छापला : साधारण दहांतला एक परीक्षक आपल्याच मताशी ठाम राहिला. बाकीचे एकाच वाइनला कधी डोक्यावर घेत, कधी खाली आपटत. अशा हिशेबनिसाला आम्ही कॅश काउंटरवर बसू दिले असते का? सकाळी मोजलेले बंडल दुपारी मोजले तर नोटा तेवढ्याच भरल्या पाहिजेत, ही आमची पहिली अट.

यावर संप्रदायाचे उत्तर ठरलेले असते : "मग सामान्य माणसाने निवडायचे कसे?" जसा काही सामान्य माणूस आजवर दुकानाबाहेर रडत बसला होता! २०१३ च्या फेब्रुवारीत मेकर्स मार्कने जाहीर केले, की मागणी फार वाढल्यामुळे आम्ही ४५ टक्क्यांची व्हिस्की ४२ टक्क्यांवर आणतो; चवीत फरक पडत नाही, आमच्या माणसांनी पिऊन पाहिले आहे. गिऱ्हाइकांनी असा काही गिल्ला केला, की आठ-दहा दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. ह्या गिऱ्हाइकांच्या हातात वह्या नव्हत्या. दुधात पाणी पडले, एवढे त्यांना कळले आणि त्यांनी गवळ्याला हाक मारली. निवडायची अक्कल ती हीच, आणि ती यादी वाचून वाढत नाही; यादीच्या मागे लागलेला माणूस चव घेण्याच्या आधी किंमत बघतो.

हे सगळे मी आत्ता लिहितो आहे, कारण साथ आपल्याकडे येऊ घातली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने बोर्बनवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. शंभर टक्के हाही काही कमी आकडा नव्हे. तरी मुंबई-पुण्यातल्या दुकानांत जिम बीमच्या शेजारी आणखी चार चेहरे दिसू लागतील. त्यांच्या पाठोपाठ याद्या येतील. मग मार्क बघून घेतलेली बाटली शोकेसमध्ये गणपतीशेजारी उभी राहील आणि 'अजून फोडायची नाही, भाव चढतोय' असे सांगितले जाईल. मुदत ठेव करायची तर बँका कमी आहेत का? तिथे निदान मुदत संपल्यावर पैसे मिळतात आणि वासाने मांजर येत नाही.

तेव्हा बाटल्यांवर मला काय छापून हवे, ते सांगतो. भट्टीचे नाव, दुसऱ्याकडून माल विकत घेऊन स्वतःच्या आजोबांचा फोटो लावला असेल तर तेही. धान्यांचे प्रमाण. भरल्याची तारीख, काढल्याची तारीख. किती टक्के. गोदामाचा मजला. छापील किंमत, आणि त्या किमतीला मिळण्याची सोय. खाली बोटभर जागा कोरी सोडावी. तिथे ज्याचे मत त्याने लिहावे. फक्त पेन्सिलीने, कारण दुसऱ्या पेगनंतर खोडायला लागते.