उपग्रहाला गुंठा दिसतो, विम्याला मंडळच दिसतं

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी माढा, मोहोळ भागात उभ्या पिकात शिरलं. ओसरल्यावर पंचनामे आणि मग नेहमीचा वाद. पाणी किती रानात होतं, किती दिवस होतं? तलाठी बांधावर येईपर्यंत पाणी गेलेलं असतं. मोबाईलात फोटो असला तरी तो कोणत्या गटातला, हे शेतकऱ्यानेच पटवून द्यायचं.

हा वाद बराच मिटवू शकेल असा उपग्रह आता वर फिरतोय. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्यातून सुटला. सीनेला पूर आला तेव्हा त्याच्या चाचण्याच चालू होत्या.

कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही, आणि आपलं नुकसान होतं ते ढगाच्याच दिवसांत. निसारवर रडार आहे. तो स्वतः लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत येतील त्या टिपतो. ढग, अंधार आडवा येत नाही. लांब लहरी पिकाच्या पानांतून खाली पोचतात, त्यामुळे साचलेलं पाणी आणि मातीतली ओल दोन्ही कळतं. बारकावा साधारण १० मीटरचा, म्हणजे ३३ बाय ३३ फूट, आपला एक गुंठाच. रडारच्या चित्रात बारीक ठिपके फार असतात, म्हणून एकट्या गुंठ्यावर बोट ठेवता येत नाही. पण एकर-दोन एकराचं रान ओळखता येतं.

उणीव एकच मोठी. एका जागेवर तो १२ दिवसांत साधारण दोनदा येतो. मधल्या मधे पाणी आलं नि गेलं तर ते हुकणार. युरोपच्या सेंटिनेल-१ ची रडार चित्रंही फुकट मिळतात, ती जोडीला घेतली तर ही फट कमी होते.

खरी अडचण खाली, नियमात आहे. खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. तीही मंडळाच्या सरासरीवर. नदीकाठचं सोयाबीन कुजलं, माळावरचं बरं पिकलं, तर नदीकाठ सरासरीत दुसऱ्यांदा बुडतो. अतिवृष्टीचंही तेच, मंडळातल्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर भरले तरच.

निसारची माहितीही फुकट आहे. ती गटांच्या नकाशावर बसवून पंचनाम्याला जोडा, अशी मागणी येत्या पावसाळ्याआधी ग्रामसभेच्या ठरावात घालता येते.