'फेड इनटू यू': प्रेमगीत की विराणी?

आज गडकोट नाहीत, एक गाणे. सूर्यमाळच्या धुक्यात ते ऐकताना मला ज्ञानदेवांच्या विराण्या आठवल्या.

मॅझी स्टारचे १९९३ मधील हे गीत मीलनाचे मानले जाते. माझ्या मते ते विरहाचे आहे: प्रिय व्यक्ती समोर असूनही तिला गाणारी दिसतच नाही.

त्याचा स्वप्नाळू नादही नव्वदीतला नव्हे. डेव्हिड रोबॅक हा ऐंशीच्या दशकातील लॉस एंजेलिसच्या 'पेझ्ली अंडरग्राउंड' वर्तुळातला. त्या मंडळींचा ओढा साठच्या दशकातील सायकेडेलिक रॉककडे होता.

होप सँडोवाल मात्र आर्जव करत नाही, तालाच्या किंचित मागे रेंगाळत गाते. सारी व्याकुळता त्या रेंगाळण्यात आहे. बिलबोर्डच्या यादीत ते ४४ व्या क्रमांकापर्यंत गेले. इतके संथ गाणे तिथवर पोहोचले, हेच नवल.